डोंगरदेवीच्या दारात

जवळ सरका, मंडळी. आज देवीची गोष्ट सांगतो, पण जपानातल्या देवीची. घडायची आहे अजून दहापंधरा वर्षांनी. मी आपली आजच सांगतो.

त्या देशात सूर्य म्हणजे देवी, आमातेरासू. स्वर्गाचं राज्य तिच्या हाती. डोंगरातही बहुधा देवीच, पण ही मत्सरी. आपल्याहून देखणी बाई तिला खपत नाही म्हणे. म्हणून बोगदा खणणारे तिला एक कुरूप वाळका मासा वाहतात, आणि बाईला आत पाऊल टाकू देत नाहीत.

अशाच एका बोगद्यासाठी चिझुरू नावाच्या संशोधक बाईनं 'शिलाश्रवणी' बनवली. खडक फुटण्याआधी आतल्या आत कुरकुरतो. माणसाला ऐकू न येणारं ते कुरकुरणं हे यंत्र टिपायचं आणि चिझुरूच्याच आवाजात सांगायचं, "बाहेर पडा."

वृद्ध मुकादम किसाबुरोनं यंत्राचा कर्णा आतून काढून बोगद्याच्या दाराशी, देवीच्या माशाशेजारी ठेवला.

"काका, हे काय?"

"आवाज बाईचा ना, पोरी. त्याऐवजी आत लाल दिवा लावलाय."

"आणि बाईची अक्कल चालते वाटतं देवीला?"

"अक्कल दिसत नाही ना," म्हातारा हसला.

दुपारी यंत्राच्या पडद्यावरच्या रेषा उसळल्या. दाराशी कर्णा ओरडू लागला. आत मात्र खणण्याचा कल्लोळ, आणि धुळीत दिवा कुणालाच दिसेना. चिझुरूचा धाकटा भाऊ इवाओ आतच होता. ती धावली. दोन कामगार आडवे आले. त्यांनी तिला हातसुद्धा लावला नाही; कमरेत वाकून, वाट अडवून नुसते उभे राहिले.

"तू गेलीस तर देवी कोपेल," किसाबुरो पुटपुटला.

"कोपायची राहिलीय कुठे, काका?"

 म्हातारा मग स्वतःच आत पळाला.

माणसं बाहेर आली. धुळीनं पांढराफटक इवाओ सगळ्यांत शेवटी. "काका मागे..." एवढंच बोलला, आणि त्याच्या पाठीमागे छत बसलं.

शिलाश्रवणी चालूच होती. ढिगाऱ्यापलीकडून दगडावर दगड आपटल्याची टकटक येत होती, सावकाश, टाळ धरल्यासारखी. चिझुरूला सगळं ऐकू येत होतं. पण कर्णा दाराशी; आत उलट एक शब्द पोचवता येत नव्हता. माणसं जीव तोडून ढिगारा उपसत होती. उपसणारे पलीकडे पोचण्याआधीच टकटक थांबली.

आता सांगा, बाईचं पाऊल नको, असं त्या देवीमाउलीनं कधी कुणाच्या कानात सांगितलं होतं? की तिच्या नावानं आपणच बोलत आलो? मला उमगलेलं नाही. पण कधी बोगद्यातून जाल, तेव्हा त्या म्हाताऱ्या किसाबुरोचं मनातल्या मनात नाव घ्या, एवढं मागणं आहे.