पुलापलीकडे कोण गेलं?

चोरीला गेलेली वस्तू पाऊण तासात जागेवर परत आली, अशी तक्रार घेऊन वहिनींकडे आजवर कुणी आलं नव्हतं.

"अहो, मग तक्रार कसली?" भाऊजींनी विचारलं.

समोरच्या बाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की भाऊजींनी मुकाट्याने वहीत डोकं घातलं.

वहिनींनी वीस वर्षं विमा कंपनीत खऱ्याखोट्या दाव्यांची छाननी केली होती. आता घराच्या पुढच्या खोलीत त्या खाजगी तपासाची कामं घेत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. अक्षर सुरेख, म्हणून टिपणं त्यांच्याकडे. डोक्यात प्रकाश जरा उशिरा पडायचा, पण ते स्वतःच तसं मोकळेपणी सांगत.

बाईंचं चष्म्यांचं दुकान होतं. त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली करड्या प्लास्टिकची कॅसेट काढली. टीव्हीला जोडायच्या जुन्या व्हिडिओ गेमची. वर चित्र होतं: मुसळधार पाऊस, डोंगर आणि झुबकेदार मिशांचा टपालवाला. नाव 'डोंगरटपाल'.

"चांगला आहे खेळ?" वहिनींनी विचारलं.

"छे! भिकार म्हणून गाजलेला आहे," चष्मेवाली म्हणाली, पण बोलताना तिचा चेहरा उजळला. "टपालवाला गोगलगायीसारखा चालतो. उडीचं बटण दाबलं तर आधी विचार करतो, मग उडी मारतो. एकदा केलेला सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, पुसता येत नाही. चौथ्या डोंगरावर मोडका पूल आहे, तो ओलांडायचा कसा हे कुणालाच कळलेलं नाही. सगळे म्हणतात, बनवणाऱ्यांनी पुढचं कामच सोडून दिलं. त्यात गेल्या दोन महिन्यांपासून सुरुवातीच्या चित्रातला कंदीलसुद्धा लुकलुकायला लागलाय. पण त्यातलं धुकं कसं उतरतं ते पाहा तुम्ही! पाऊस थांबताना जी धून वाजते ना, तशी मी कुठे ऐकली नाही."

तिने कॅसेट हातात उलटीसुलटी केली.

"मी अकरा वर्षांची असताना बाबा आठ महिने अंथरुणाला खिळून होते. भेटायला येणारे लांब चेहरे करून बसायचे. आम्ही दोघं मात्र दुपारभर हा खेळ खेळायचो आणि त्याच्या चुकांना पोट धरून हसायचो. टपालवाला इतका हळू चालायचा, की बोलायला भरपूर वेळ मिळायचा. बाबांशी मी जे काही बोलले, ते या खेळामुळे. पुलाअलीकडच्या धर्मशाळेत त्यांनी सेव्ह केला, तो शेवटचा. सेव्हचे तीन खण आहेत, पहिल्यात 'बाबा' म्हणून आहे. दुसरा माझा. तिसरा रिकामा होता."

"होता?"

"परवा रविवारी वाचनालयाच्या सभागृहात 'पडेल खेळांचं प्रदर्शन' सुरू झालं. मीही ही कॅसेट दिली. दुपारी एक ते दोन सभागृह बंद असतं, तेवढा वेळ कॅसेट काचेच्या पेटीत कुलपात ठेवतात. सव्वा वाजता मी राहिलेली छत्री घ्यायला मागच्या दाराने आत गेले, तर काचेची पेटी रिकामी! धावत जाऊन आयोजकांना शोधून आणलं. दोनला पाहतो तर कॅसेट जागच्या जागी. सगळे म्हणाले, तुम्हाला भास झाला. मी ती यंत्रात घातली. तिसऱ्या खणात नवा सेव्ह होता. पिशवीत सतरा पत्रं. बाबांच्या पिशवीत होती तितकीच. आणि जागा..." तिने कॅसेट पुन्हा रुमालात गुंडाळली. "जागा पुलाच्या पलीकडची. माझ्या बाबांना कुणीतरी पलीकडे नेलं, वहिनी. सव्वीस वर्षांत मला जमलं नाही ते. कोण होतं ते मला कळायलाच हवं."

वहिनी उठल्या. "चला भाऊजी. चपला घाला."

सभागृहात भिंतीलगत जुने टीव्ही ओळीने मांडले होते. प्रत्येकाखाली आयोजकांनी चेष्टेची पाटी लावली होती. 'डोंगरटपाल'खाली लिहिलं होतं: 'यापेक्षा भिंतीकडे बघत बसा.' त्याखाली चष्मेवालीच्या हातची दुसरी चिठ्ठी होती: 'कॅसेट कृपया कुणीही उघडू नये.'

वहिनींनी चष्मेवालीला खेळ सुरू करायला सांगितलं. पडद्यावर डोंगर आले, पाऊस आला, कोपऱ्यात कंदील आला. गळ्यापर्यंत बंद केलेला लांब कोट आणि कपाळावर ओढलेली टोपी, एवढीच मधोमध उभी असलेली आकृती. चेहरा दिसतच नव्हता.

"कंदील तर चांगला शांत जळतोय," भाऊजी म्हणाले.

"आज बरा दिसतोय," चष्मेवाली म्हणाली.

वहिनींनी भाऊजींना तेवढं वाक्य टिपून घ्यायला लावलं.

आयोजक बोलघेवडा गृहस्थ होता. उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये.

"जिन्यावरून पडलो, दहा दिवस झाले," तो म्हणाला. "पेटीची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी ग्रंथपालांकडे. एक वाजता कुलूप लावलं आणि पार बाजारात जेवायला गेलो. आणि काय हो, चोरायचाच तर चांगला खेळ चोरेल ना माणूस! त्या टपालवाल्याला घेऊन कोण काय करणार? तो घरी पोचेपर्यंत चोर म्हातारा व्हायचा."

खेळयंत्रं चालू ठेवायला नेमलेली दुरुस्तीवाली तरुण होती. बाजूच्या खोलीतल्या आपल्या टेबलाशी बसून, बोलता बोलता डाव्या हातात पकडलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने ती एक यंत्र उघडत होती.

"रविवारी सकाळीच मी यांना म्हटलं, उघडून बघू का? तर त्या केवढ्यांदा ओरडल्या! मग कशाला हात लावते मी? पण एक सांगू? जेवून आले तेव्हा माझी तारा जोडायची सोल्डरिंग गन कोमट होती. स्टँडही टेबलाच्या उजव्या कडेला सरकवलेला. मला हात आडवा घालून घ्यावी लागली."

"पेटीची किल्ली?"

"माझ्याकडे कुठली!"

ग्रंथपाल साठीला टेकलेले, हळू आवाजात बोलणारे. वाचनकक्षाच्या खिडकीशी बसून, उजव्या हातातल्या सुईने ते एका फाटक्या पुस्तकाची शिवण घालत होते.

"रविवारी एक ते दोन मी इथेच डबा खाल्ला," ते म्हणाले. "कुणी आलेलं दिसलं नाही."

"हे खेळ तुम्हाला आवडतात?"

"माझा काय संबंध? जाता-येता पडद्यावर नजर पडते, तेवढंच. ती बिचारी पावसात उभी असते, एवढं पाहिलंय."

"आणि यांची चिठ्ठी वाचलीत?"

"हो," ग्रंथपाल म्हणाले. सुई थांबली. "त्यांनी फार जपलाय तो खेळ."

बाहेर पायरीवर येताच भाऊजींनी वही मिटली. "दुरुस्तीवालीच, वहिनी! हत्यारं तिची, गन तिची. किल्ली काय, करवून घेतली असेल."

"स्वतःच्या टेबलावर स्वतःलाच अडचण होईल अशी गन ठेवली, आणि वर आपल्याला येऊन सांगितलं? भाऊजी, तुम्ही आजचं सगळं लिहून घेतलंय ना, जसंच्या तसं? मग वाचा बघू. फक्त माणसं त्या टपालवाल्याबद्दल काय बोलली तेवढं."

भाऊजींनी वाचलं. दोनदा वाचलं. "काही वेगळं दिसत नाही हो."

"दिसेल," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांना आत बोलवा."

पाचही जण 'डोंगरटपाल'समोरच्या खुर्च्यांवर बसले. वहिनी उभ्या राहिल्या.

"आधी एक गोष्ट स्पष्ट करते. इथे चोरी झाली नाही, दुरुस्ती झाली. कॅसेट उघडली गेली, गन तापली आणि दोन महिन्यांपासून लुकलुकणारा कंदील त्यानंतर शांत झाला. ताई, या कॅसेटमध्ये सेव्ह कशावर टिकतो?"

"आत चपटा सेल असतो," दुरुस्तीवाली म्हणाली. "तो संपला की सगळे सेव्ह पुसले जातात." तिने चमकून पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे कंदील..."

"कंदील ही चूक नव्हती, इशारा होता. सेल संपत आल्याचा. पण हे सव्वीस वर्षं खेळणाऱ्या बाईंना माहीत नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. ते माहीत असलेला माणूस तोच, ज्याला पूल ओलांडायची वाटही माहीत आहे. असा माणूस एकच असू शकतो. ज्याने हा खेळ बनवला."

आयोजक हसायला लागला आणि मध्येच थांबला.

"आयोजकांकडे किल्ली होती, पण प्लास्टरमधल्या हाताने इतकं नाजूक काम होत नाही. दुरुस्तीवाली डावखुरी. गन वापरून उजव्या बाजूला ठेवली ती उजव्या हाताच्या माणसाने, आणि किल्ली तर तिच्याकडे नव्हतीच. राहिलं कोण? किल्ली असलेला, सुईदोऱ्यासारख्या बारीक कामात हात बसलेला, त्या तासाभरात इथेच असलेला माणूस. तरीही मी थांबले असते. पण भाऊजी, वाचा आता."

भाऊजी वाचू लागले. "चष्मेवाली: 'टपालवाला गोगलगायीसारखा चालतो.' आयोजक: 'तो घरी पोचेपर्यंत.' ग्रंथपाल: 'ती बिचारी पाव...'" भाऊजी तिथेच अडकले. "अरेच्चा! ती?"

"कॅसेटवर मिशांचा पुरुष आहे. पडद्यावर चेहरा दिसत नाही. जगातला प्रत्येक माणूस 'तो' म्हणतो. 'ती' कोण म्हणेल? जिला मनात धरून हे चित्र काढलं, तिला ओळखणारा."

सगळ्यांच्या नजरा ग्रंथपालांकडे वळल्या. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

"मिशा कंपनीने लावल्या," ते म्हणाले. "बाई टपाल वाटते, हे चित्र विकलं जाणार नाही म्हणाले. माहितीपुस्तिकेतलं एक पान घाईत गाळलं. कंदिलाचं आणि पुलाचं त्याच पानावर होतं. मग खेळ पडला. शिव्यांची पत्रं आली, कंपनी बुडाली. पुन्हा काही बनवायची माझी हिंमत झाली नाही. मी पुस्तकांत आलो. वाटलं होतं, एकही कॅसेट कुणी ठेवली नसेल."

ते चष्मेवालीकडे वळले.

"रविवारी सकाळी तुम्ही शेजारच्या बाईंना वडिलांबद्दल सांगत होतात. मी मागे कपाट लावत होतो. पडद्यावर पाहिलं, तर कंदील विझायला आला होता. संध्याकाळपर्यंतही तग धरला नसता. आधी नवा सेल तारांनी जोडून घेतला, मग जुना काढला. क्षणभरही वीज तुटू दिली नाही. पण तुमची परवानगी न घेता उघडली, हे खरं. चुकलंच माझं."

"विचारलं का नाहीत?" चष्मेवालीने विचारलं. आवाजात अजून राग होता.

"विचारलं असतं, तर मी कोण हे सांगावं लागलं असतं. त्या पाटीसमोर उभं राहून." ग्रंथपाल ओशाळून हसले. "आणि तुम्ही नाहीच म्हणाला असतात."

चष्मेवालीने मान हलवली. कारण ते खरंच होतं.

"आणि पूल?" तिने विचारलं.

"सेल नीट बसलाय का हे पाहायला एक नवा सेव्ह करणं भाग होतं. धर्मशाळेतच करता आला असता. पण कुणीतरी माझ्या पुलापाशी सव्वीस वर्षं खोळंबलाय, हे पाहून मला राहवलं नाही. तुमच्या बाबांचा सेव्ह जसाच्या तसा आहे. त्याला मी बोट लावलं नाही."

"पण ओलांडायचा कसा तो?" आयोजकाला आता दम निघेना.

"काहीच करायचं नाही. एकही बटण न दाबता चार मिनिटं उभं राहायचं. पाऊस थांबतो, मग पलीकडची माणसं येऊन फळ्या टाकतात. माझी मोठी बहीण डोंगरात टपाल वाटायची. पूल वाहून गेला की अशीच उभी राहायची. त्या पगारावर तिने मला शिकवलं. हा खेळ तिच्यासाठी होता. पण पडला, म्हणून तिला कधी दाखवलाच नाही."

चष्मेवाली उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. रागाचा मागमूस उरला नव्हता.

"त्या आठ महिन्यांत आमच्या घरात हसू ऐकू येत होतं, ते तुमच्यामुळे," ती म्हणाली. "हे कुणाला सांगायचं, ते आजवर माहीत नव्हतं. बाबांच्या वतीनेही तुमचे आभार." मग तिने डोळे पुसले. "बहीण आहेत का हो तुमच्या?"

"आहे. ऐंशीची आहे. कुणाचं ऐकत नाही."

"मग घेऊन या त्यांना."

पुढच्या रविवारी वहिनी आणि भाऊजी मुद्दाम गेले. आयोजकाने चेष्टेच्या सगळ्या पाट्या उतरवल्या होत्या. ग्रंथपालांची बहीण, आक्का, पहिल्या रांगेत ताठ बसून पडद्याकडे बारकाईने पाहत होत्या. आज सभागृहात सगळं वाचनालय लोटलं होतं; उभं राहायला जागा नव्हती.

"मी इतकी हळू चालायचे होय रे?"

"पिशवी जड असते, आक्का. पत्रं वाटत गेलीस की पाय उचलतो तुझा."

चष्मेवालीने तोंडावर हात ठेवला. हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

तिने आक्कांच्या हातात कंट्रोलर दिला आणि बटणं दाखवली. रखडत, ठेचकाळत आक्का पहिल्या दारापाशी पोचल्या. दार उघडलं. आतल्या माणसाने पत्र घेतलं, वाकून नमस्कार केला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'एवढ्या पावसात आलात, उपकार झाले तुमचे.'

"खोटं आहे हे," आक्का ठणकावून म्हणाल्या. "असं कुणी कधी म्हणायचं नाही. पत्र घेतलं की दार लावून घ्यायचे."

"माहीत आहे मला," ग्रंथपाल म्हणाले. "म्हणून तर प्रत्येक दारात घातलं."

आक्कांनी कंट्रोलर मांडीवर नीट धरला आणि पुढच्या घराकडे निघाल्या.