परतीला दोन तास जास्त

नकाशांच्या दुकानात त्या दुपारी चिटपाखरू नव्हतं. दुकानदार पृथ्वीगोल पुसत बसला होता, तेवढ्यात दार ढकलून एक तरुणी आत आली. खांद्यावर सोनेरी पट्ट्या, काखेत टोपी, केस वाऱ्याने विस्कटलेले.

"बाबांसाठी पृथ्वीगोल हवाय," ती म्हणाली. "मी विमान कुठून नेते ते त्यांनी भिंतीवरच्या नकाशात पाहिलं. आता रोज डोकं खातात... सरळ जायचं सोडून एवढा वळसा कशाला घालतेस म्हणून!"

दुकानदाराने गोलावर एका दोऱ्याचं टोक आपल्या शहरावर धरलं. "दुसरं तुम्ही जाता त्या विमानतळावर धरा, पायलटबाई."

तिने दोरा ताणला. तो आपोआप वर सरकून बर्फाच्या कडेला टेकला.

"हाच तो वळसा!" ती म्हणाली. " आणि हीच जवळची वाट. बारा हजार किलोमीटर. जायला तेरा तास, यायला पंधरा."

"अंतर तेच, मग वेळ का वेगळा?"

"येताना वारा समोरून असतो."

"म्हणजे जायची घाई आणि यायला उशीर. वारा काही आपल्या बाजूचा नाही."

"आपल्या?" तिने भुवई उंचावली.

त्याने मान खाली घालून गोल बांधायला घेतला. कान मात्र लाल झाले होते.

त्यानंतर ती प्रत्येक फेरीहून परतली की दुकानात डोकवायची. "एका माणसाला किती पृथ्व्या लागतात हो?" तो चिडवायचा. "एकच पुरते," ती म्हणायची, "बाकीच्या नुसत्या बघून जाते."

वर्षभराने त्याने धीर करून लग्नाचं विचारलं. तिने टोपी हातात फिरवली. मग म्हणाली, "पुढच्या आठवड्यात कॅप्टन म्हणून पहिल्यांदा जातेय. तेवढं होऊ दे... मग सांगते."

"मीही येतो."

"तुम्ही? कधी विमानात बसलाय? थांबा, माझ्या सवलतीत तिकीट..."

"नको. तुमच्या विमानात बसायचं तर माझ्या तिकिटावर."

विमान हललं तसे त्याने डोळे गच्च मिटले. तेवढ्यात तिचा आवाज आला, "मी तुमची कॅप्टन बोलतेय. अंतर बारा हजार किलोमीटर, वेळ तेरा तास." त्याची भीती कुठच्या कुठे पळाली. शेजारच्या आजोबांना कोपराने ढोसत तो म्हणाला, "ऐकलंत ना?"

"तुमच्या कोण?"

"अजून ठरायचंय."

"मग एवढे फुगताय कशाला?"

"ठरो न ठरो, आजोबा. अभिमान वाटायला कुणाला विचारावं लागत नाही."

विमान इतकं अलगद टेकलं, की आजोबांची झोपसुद्धा मोडली नाही. सगळे उतरले. ती दाराशी उभी होती, थकलेली, पण मान ताठ.

"कसं वाटलं, ग्लोबवाले?"

"पृथ्वी दुकानातल्यापेक्षा बरीच मोठी आहे. आणि तुम्ही... तुम्ही सुंदर चालवता." मग हळूच म्हणाला, "माझं उत्तर?"

"परतीच्या विमानात."

"तेव्हा तुम्ही पुढे, मी मागे. ऐकू कसं येणार?"

"परतीला मी सुट्टीवर आहे. तुमच्या शेजारची खुर्ची घेतलीय... माझ्या तिकिटावर."

त्याने खिशातलं परतीचं तिकीट चाचपलं.

"वारा... समोरूनच आहे ना?"

"अगदी समोरून. दोन तास जास्त."

"म्हणजे वारा आपल्या बाजूचा आहे!"

"आपल्या," ती म्हणाली. या वेळी भुवई उंचावली नाही.