दुधी आकाश

साक्रीच्या माळावरच्या आपल्या प्रयोगशाळेत डॉ. शाल्मली कोरान्ने यांनी पाहुण्याला बसायलाही सांगितलं नाही. नभपटल प्रकल्पाचे प्रमुख उद्धव पिंपळखरे मग उभ्यानेच बोलले.

"तुमच्या किरणकेंद्रकाचं पेटंट सरकारने जनहितार्थ ताब्यात घेतलंय. जगभरातली आमची केंद्रं आता त्यावरच चालतील."

किरणकेंद्रक म्हणजे सूर्याकडे वळत राहणारं प्लॅस्टिकचं भिंग आणि त्याखाली तिळाएवढा सौरघट. महागडा घट एवढासाच लागत असल्यामुळे वीज कवडीमोलाने मिळे. गावोगावी छपरांवर याच किरणकेंद्रकांची पटलं दिसत.

"त्या विजेचं तुम्ही काय करणार?"

"हायड्रोजन बनवायचा, त्याने भरलेल्या फुग्यांतून चुन्याची भुकटी वीस किलोमीटर वर न्यायची आणि तापलेल्या पृथ्वीवर पडदा धरायचा. कोळशाची वीज जागतिक हवामान करारात बसत नाही."

"मग माझी पटलं घेऊ नका. भिंगाला फक्त सूर्याकडून सरळ आलेला किरण एकवटता येतो. तुमची भुकटी किरण विखरून टाकेल. उजेड जवळपास तेवढाच पडेल, पण चहूबाजूंनी. माझ्या भिंगाच्या लेखी तो अंधारच."

"उजेड तीन टक्के कमी होणार, मॅडम. तीन! पेटंट गेलं म्हणून पोटात दुखतंय, तेवढं सरळ सांगा की."

"चालते व्हा."

फुगे उडू लागले. निळं आकाश हळूहळू दुधी झालं. पडदा दाट होई तशी वीज घटे आणि वीज घटली की फुगे कमी उडत. शेवटी जितकी भुकटी खाली बसे, तितकीच वर जाऊ लागली. पडदा अर्धवटच अडकला. उन्हाळा निववायला तो अपुरा होता, पण छपरांवरची भिंगं आंधळी करायला पुरेसा.

दुसऱ्या वर्षी, ऐन मे महिन्यात पिंपळखरे परत आले.

"तुम्हाला हे ठाऊक होतं!"

"तुम्हाला सांगितलंही होतं." या क्षणाची शाल्मलीने मनापासून वाट पाहिली होती. "जुनी सपाट पटलं लावा. त्यांना विखुरलेला उजेड चालतो. एवढंही सुचत नसेल तर खुर्ची सोडा."

पिंपळखरे कडवट हसले. "आणू कुठून? सपाट पटलांचा शेवटचा कारखाना गेल्या दिवाळीत बंद पडला. तुमच्या कवडीमोल दरापुढे कोण टिकणार होतं? यंत्रंसुद्धा भंगारात गेली. नवीन कारखाना उभारायला आधी वीज लागते, मॅडम."

तेवढ्यात शाल्मलीचा फोन वाजला. गावी वडिलांसोबत राहणारी धाकटी बहीण बोलत होती.

"ताई, कूलर पुन्हा बंद पडला. अण्णांना ओल्या चादरीत गुंडाळलंय, तरी अंग भाजतंय त्यांचं. शुद्ध हरपत चाललीय गं."

"लगेच सरकारी दवाखान्यात ने. थंड खोलीत ठेवतील ते."



"तिथेही तुझीच पटलं आहेत, ताई."