धाकटे सर

मंगळावर हातातून चमचा सुटला तर तो पडायला वेळ घेतो. माणसाला वाटतं, मधेच पकडता येईल.

मिरजेत एक शिंपी होता. दर खेपेला सदरा अर्ध्या बोटाने घट्ट शिवायचा. गिऱ्हाईक काही बोलायचं नाही.

पुण्यात डॉ. दिगंबर पळशीकर कोणालाही काम सांगण्याआधी चष्मा काढतात. समोरचा चेहरा अंधूक दिसला की काम सांगणं सोपं जातं.

‘तुम्हाला जमेल, मला खात्री आहे.’ हे वाक्य रागावून म्हणून बघा. म्हणता येत नाही.

अवकाशपोशाखाच्या हातमोज्याला थर बरेच असतात. वरचे एकदोन फाटले तरी माणूस जिवंत राहतो.

*

तसा एक हातमोजा हेमांगी उपळेकरसमोर टेबलावर पडला होता. वरचा थर चिरलेला, आतला पांढरा थर बाहेर डोकावत होता.

हेमांगी मंगळावरच्या जलवेध केंद्राची प्रमुख. केंद्र म्हणजे तीन माणसं, एक बोअरचं यंत्र आणि बर्फाच्या थराखाली पाणी लागेल ही आशा. पुढचं यान पाठवायचं की नाही, हे पृथ्वीवरची समिती त्या पाण्यावर ठरवणार होती. बोअर चालवायचे यशवंत खिल्लारे. ते आत्ता समोर बसले होते. चहाचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा हिंदकळत होता.

“कसा अडकला मोजा?”

“रॉड पकडायच्या जबड्यात. जरा डुलकी लागली मॅडम.”

“उभ्या उभ्या?”

“मग? बसायला कुणी सांगितलंय?” खिल्लारे हसले. एकटेच हसले.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. शांत, आर्जवी, पुण्याच्या डॉ. पळशीकरांचा आवाज. “हेमांगी, आजचं खोदकाम छान झालं. दुसरी पाळीही आजच लावू या. खिल्लारेंना जमेल, मला खात्री आहे.”

खिल्लाऱ्यांनी पेला खाली ठेवला आणि ते उठले.

“कुठे निघालात?”

“पोशाख चढवायला. सरांनी सांगितलं ना.”

“ते सर नाहीत. धाकटे सर आहेत.”

“धाकटे काय अन् थोरले काय, आवाज एकच की.”

*

धाकटे सर म्हणजे काय, ते इथेच सांगायला हवं.

पृथ्वीवरून मंगळापर्यंत शब्द पोचायला वीस मिनिटं लागत. परतीलाही तेवढीच. एक साधा प्रश्न विचारला की उत्तराला चाळीस मिनिटं. म्हणून पुण्याच्या संस्थेने ‘उत्तरभाकीत’ नावाची यंत्रणा बनवली. पळशीकरसरांचं वर्षानुवर्षांचं बोलणं तिला ऐकवलं, वाचायला दिलं. विचारलेल्या गोष्टीवर सर काय म्हणाले असते, ते ती सरांच्या आवाजात ताबडतोब सांगायची. नियम असा, की तिचा शब्द हाच सरांचा शब्द. कामाला लागायचं. झालेलं बोलणं मागाहून पुण्याला जायचं, आणि सरांना पटलं नाही तर ते दुरुस्ती पाठवायचे.

केंद्रावर यंत्रणेला सगळे धाकटे सर म्हणत. पुण्यातले ते थोरले सर. दोन वर्षांत थोरल्यांनी धाकट्यांना एकदाही दुरुस्त केलं नव्हतं.

“थोडं थांबा,” हेमांगी म्हणाली. “हा माझा हुकूम समजा.”

“बरं. पोशाख घालून देवडीत बसतो. तेवढंच बसायला मिळेल.” देवडी म्हणजे केंद्राच्या आतल्या आणि बाहेरच्या दारांमधली हवाबंद खोली. तिथून पुढे पाऊल टाकलं की मंगळ.

*

इम्तियाज मुजावर केंद्राची गणकयंत्रं सांभाळायचा. हेमांगीने त्याच्यासमोर मोजा टाकला.

“इम्तियाज, सर असे नव्हते रे. निघताना माझ्या आईला म्हणाले होते, तुमच्या मुलीला जपेन. आता काय झालंय त्यांना?”

“त्यांना काही झालेलं नाही. यंत्राला झालंय.” त्याने मोजा उलटसुलट करून पाहिला. “बघ, हे यंत्र चुकीतून शिकतं. कधी जरा कडक उत्तर देतं, कधी जरा मऊ, आणि पुढे काय होतं ते बघतं. कडक दिलं तर आपण काय म्हणतो?”

“होय सर.”

“थोरले सर?”

“काहीच नाही.”

“म्हणजे कडक बरोबर ठरलं. आता मऊ घे. ‘आज थोडंच खोदा, बाकीचं उद्या.’ आपण काय करतो?”

हेमांगी जरा ओशाळली. “सांगितल्यापेक्षा थोडं जास्त खोदतो.”

“का?”

“सरांना बरं वाटावं म्हणून.”

“मग यंत्राला वाटतं, सरांची अपेक्षा जास्तच होती. या माणसांना ती ठाऊक होती, मलाच ओळखता आली नाही. मऊ उत्तर चुकलं! कडक कधी चूक ठरत नाही, मऊ कधी बरोबर ठरत नाही. दोन वर्षं हेच चाललंय. आमच्या मिरजेत एक शिंपी होता, दर वेळी सदरा अर्ध्या बोटाने घट्ट शिवायचा.”

“मग काय झालं त्याचं?”

“त्याला काय होतंय? गिऱ्हाइकाला वाटायचं, आपणच सुटलोय.”

हेमांगीला हसू आलं नाही. “पण थोरले सर का बोलत नाहीत? त्यांना दिसतं ना सगळं.”

“त्यांच्या नावाने हुकूम गेला, तू तो पाळलास. आता वरून ते म्हणणार, चुकलं? तुला तोंडघशी पाडतील ते?”

“नाही पाडणार.”

“चांगला माणूस आहे, म्हणून गप्प बसलाय.”

“आणि आपण?”

“आपण पण चांगलेच की,” इम्तियाज म्हणाला. “तिथंच तर घोळ आहे.”

*

हेमांगीचा पहिला प्रयत्न: सर, आपल्या सूचनेचा पूर्ण आदर राखून.

(खोडलं. ‘आदर राखून’ म्हटलं की पुढे आदर राहत नाही, हे सरांनीच शिकवलं होतं.)

दुसरा: सर, एक छोटीशी अडचण आहे.

(छोटीशी नाही.)

तिसरा: सर, खिल्लाऱ्यांची तब्येत किंचित

(किंचित?)

चौथा: सर, दुसरी पाळी उद्या सकाळी लावली तर चालेल का?

(‘चालेल का’ला धाकटे सर काय म्हणणार, हे तिला पाठ होतं.)

नियम मोडला तर केंद्र हातातून जाईल, हे तिला कळत होतं. पाणी लागलं नाही तर पुढचं यान येणार नाही, हेही कळत होतं. पाळी लावली तर काय होईल, ते टेबलावर पडलं होतं. तिने लिहिणं सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

“सर, नाही. खिल्लारे आज बाहेर जाणार नाहीत. त्यांचे हात थरथरताहेत, मोजा फाटलाय, काम करताना त्यांना झोप लागते. ते बरे होईपर्यंत बोअर बंद राहील. हा निर्णय माझा आहे.”

भिंतीतून एक सपाट आवाज आला. तो सरांचा नव्हता, कोणाचाच नव्हता. “या वाक्याला अंदाज उपलब्ध नाही. मूळ उत्तराची वाट पाहावी.”

इम्तियाजने शीळ घातली. “बिचाऱ्याने ‘नाही’ कधी ऐकलेलंच नाही. त्यावर सर काय म्हणतील, कुठून सांगणार?”

*

देवडीत खिल्लारे पोशाख घालून, शिरस्त्राण मांडीवर घेऊन बसले होते.

“काय म्हणाले सर?”

“अजून त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. मी नाही म्हणून कळवलंय.”

खिल्लारे ताठ झाले. “मॅडम, माझ्यापायी तुमचं केंद्र जायचं.”

“गेलं तर गेलं.”

“मी नाही म्हणालो नव्हतो, हं. तसं सांगा त्यांना. खिल्लारे तयार होता म्हणावं.”

“सांगते. मोजा काढा आता.”

त्यांनी फाटक्याच्या जागी चढवलेला दुसरा मोजा काढला. आतली बोटं रॉड धरल्यासारखी वाकलेलीच राहिली. हेमांगीने एकेक बोट सरळ केलं. शेवटचं बोट सरळ होईपर्यंत खिल्लारे भिंतीला टेकून झोपले होते.

*

उत्तर आलं ते खुर्ची सरकल्याच्या आवाजाने सुरू झालं. धाकट्या सरांच्या बोलण्यात खुर्ची कधी सरकत नसे.

“हेमांगी? अगं, मला काही कळेनासं झालंय. खिल्लारे थकलेत तर दुसरी पाळी हवीच कशाला? मी सकाळीच विचारलं ना तुला, माणसं दमली असतील तर आठवडाभर बोअर बंद ठेव, समितीचं मी बघतो म्हणून. तर तूच लगेच म्हणालीस, नाही सर, खिल्लारे ठणठणीत आहेत, आजच दुसरी पाळी लावतो. मी समितीला तसं सांगूनही बसलोय. आता तू म्हणतेस, मोजा फाटलाय. हे काय आहे?”

हेमांगी इम्तियाजकडे बघत राहिली. “मी? मी सकाळी सरांशी बोललेलीच नाही.”

“लगेच,” इम्तियाज म्हणाला.

“काय?”

“‘लगेच म्हणालीस’ म्हणाले ते. इथून लगेच काही म्हणता येतं का?” तो हळूच खाली बसला. “अंतर दोन्हीकडून सारखंच असतं, हेमांगी. तिकडे समिती बसलीय, सरांना तुझं उत्तर हवंय. चाळीस मिनिटं कोण ताटकळणार? पुण्यात एक धाकटी हेमांगी बसवलीय त्यांनी. तिचा शब्द हाच तुझा शब्द.”

“मला न विचारता?”

“विचारलं असेल की. तिलाच.”

तिला हसू फुटलं आणि अर्ध्यावरच विझलं. “पण सरांचे प्रश्न इथे यायला हवे होते ना? आपलं बोलणं तिकडे जातं तसं.”

“येतात. रोज येतात. ‘निकाली विषय’ म्हणून. आपण उघडतो का कधी?”

“निकाली निघालंय म्हटल्यावर कोण उघडतंय?” हेमांगी म्हणाली. मग तिने विचारलं, “ती इतकं ‘होय सर, होय सर’ करते? मी तशी आहे?”

इम्तियाजने उत्तर दिलं नाही. ही त्याची भलाई होती, आणि ती आज दोघांनाही नको होती. “आहेस,” तो अखेर म्हणाला. “मीही आहे.”

तिने सरांना सगळं सांगितलं. या वेळी काही खोडावं लागलं नाही.

*

पुन्हा तेवढीच वाट. खिल्लारे देवडीत घोरत होते.

“हेमांगी,” थोरले सर म्हणाले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. ते गप्प बसलेलंसुद्धा वीस मिनिटं प्रवास करून आलं होतं. “मी रोज विचारायचो ग तुला. माणसं कशी आहेत, म्हणून. आणि रोज वाटायचं, काय जिद्दीची पोरगी आहे, थांबतच नाही. आपण थांब म्हटलं तर हिरमुसेल. तिकडचे माझ्या नावाचे हुकूम बघायचो. कडक वाटायचे. पण म्हणायचो, हिलाच हे हवंय, तर मी कोण मोडता घालणार? आणि तुला वाटत होतं, म्हातारा मानेवर बसलाय.”

“म्हातारा नाही म्हणालो आम्ही,” इम्तियाज भिंतीला म्हणाला.

“खिल्लाऱ्यांना झोपू दे. समितीसमोर आज मी जातो. हुकूम माझ्या नावाने गेला, तेव्हा चूक माझी. तुझ्या केंद्राला कोणी हात लावणार नाही. आणि दोन्ही यंत्रं आजपासून बंद. तू विचार, मी चाळीस मिनिटांनी सांगेन. मी विचारेन, तू चाळीस मिनिटांनी सांग. पण जे असेल ते सांग, बाई.”

हेमांगीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ‘होय सर’ अगदी ओठांवर आलं होतं.

“बघू सर,” ती म्हणाली. “प्रयत्न करते.”

*

धाकटी हेमांगी सुरू झाली त्या पहिल्या आठवड्यात डॉ. पळशीकरांनी तिला विचारलं होतं, माणसं कशी आहेत? ती म्हणाली होती, “सर, खिल्लारे थकलेत. त्यांना विश्रांती हवी.” त्याच संध्याकाळी मंगळावरून खऱ्या हेमांगीचा नेहमीचा संदेश आला: सर्व ठीक, सगळे उत्साहात. यंत्राने आपली चूक दुरुस्त केली.