मागचं सीट

त्या शहरात गाडी घ्यायला नुसता पैसा असून भागत नसे. आधी परवाना लागे आणि परवाना निघे सोडतीत. वर्षाला हजारभर परवाने आणि अर्ज करणारे लाखभर. लोक थट्टेनं म्हणत, एखाद्याचं लग्न जमेल, पण परवाना जमायचा नाही. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईंना आणि लिफ्टदुरुस्तीचं काम करणाऱ्या त्यांच्या नवऱ्याला तो चौथ्या वर्षी लागला, आणि त्याच महिन्यात त्यांना मुलगी झाली. तिला सगळे चिमी म्हणत. पायगुणाची पोर म्हणून तिचं कोण कौतुक झालं.

परवाना मिळाला म्हणजे सुटलो, असं मात्र नव्हतं. दरवर्षी गाडीची तपासणी होई. धूर, ब्रेक, दिवे आणि सगळ्यात शेवटी वजन. जड गाड्यांनी पूल खचतात म्हणे. कागदावरच्या वजनापेक्षा दहा किलोपर्यंत जास्त चाले. अकरा भरलं की परवाना रद्द, आणि चार दिवसांत गाडी दाबयंत्राखाली. जास्त भरलं तर काय असेल ते सामान काढून पुन्हा एकदा वजन करू देत, पण एकदाच. गाडी काट्यावर चढवायची, दारं लावायची आणि माणसांनी पिवळ्या रेघेमागे उभं राहायचं.

चिमी तीन वर्षांची असताना गेली. तीन दिवसांचा ताप, बस्स. मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी बसून ती दवाखान्यात गेली, आणि परतताना ती जागा रिकामी होती. त्या दिवसापासून नवरा गाडीत बसला नाही. दोन बस बदलून कामावर जाऊ लागला. "फुंकून टाक ती गाडी," एवढंच म्हणाला, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. बाईंना ते जमलं नाही. शिवलेले गणवेश शाळाशाळांत पोचवायला गाडी लागते, असं त्या सांगत. ते खरंही होतं, पण खरं कारण ते नव्हतं.

चिमी गेल्यावरच्या पहिल्या तपासणीला तपासनिसानं काट्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या. जाडजूड मिशांचा, कुरकुरत का होईना पण मदत करणारा माणूस होता.

"बाई, काय भरून आणलंय? चौदा जास्त दाखवतोय."

"काही नाही हो साहेब. रिकामीच आहे."

त्यानं स्वतः डिकी उघडून पाहिली. जॅक, पाने आणि पायपुसण्या बाहेर काढायला लावल्या. तेव्हा नऊवर आलं आणि गाडी सुटली. काट्यात बिघाड असेल, असं म्हणून त्यानं मागच्या गाडीला हात केला.

दुसऱ्या वर्षी जॅक, पाने आणि पायपुसण्या आधीच घरी ठेवल्या होत्या, तरी अकरा भरलं. बाईंनी तिथेच स्टेपनी काढली आणि रेघेमागे अंगाशी धरून उभ्या राहिल्या. त्या वर्षीही निभावलं. घरी आल्यावर त्यांनी हिशेब केला. जॅक, पाने आणि पायपुसण्या पाच किलो, म्हणजे खरं वाढलेलं वजन सोळा. गाडी काही खातपीत नाही, मग वाढते कशी?

तिसऱ्या वर्षी ते अठरा झालं. शाळा उघडायचे दिवस होते आणि बाईंच्या दुकानात पहिलीतल्या पोरींची रांग लागली होती. एकीची छाती मोजता मोजता बाईंचा हात थांबला. पाच वर्षांची पोर, अंगानं बेताची. चिमी आत्ता एवढीच असती. दुपारी त्यांनी कपाटातून दवाखान्याचं कार्ड काढलं. शेवटचं वजन चौदा किलो. पुढे छापील रेघ तशीच वर गेली होती. चार वर्षांना सोळा, पाच वर्षांना अठरा. कार्ड तिथेच संपत होतं.

त्या दिवशी बाई दुकान उघडं टाकून खाली गाडीत जाऊन बसल्या. घाबरल्या का, तर नाही. खूप वर्षांनी हरवलेलं माणूस नुसतं कुठे आहे एवढं कळावं, तसं त्यांना झालं. त्या पोटभर रडल्या.

त्यानंतर त्यांच्या लक्षात येऊ लागलं. थंडीत डाव्या मागच्या काचेवर आतून हातभर वाफ धरे, आणि दर हिवाळ्यात ती दोनेक बोटं वर सरके. सिग्नलला थांबलं की कधीकधी शेजारच्या रिकाम्या सीटला मागून हलकासा धक्का बसे. "पाय नको आपटूस," बाई म्हणत. आणि तो थांबे.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. सांगणार काय? वेड लागलं म्हणाले असते. पण दरवर्षी तपासणी जवळ आली की त्या पुन्हा पुन्हा हिशेब मांडत. वीस, तेवीस, पंचवीस. पोर वाढत होती आणि दहाची मर्यादा जागच्या जागी होती. स्टेपनी आणि बाकीचं सामान मिळून एकोणीस किलो बाहेर काढून झालं होतं. गेल्या वर्षी चिमी अठ्ठावीसची झाली आणि काट्यावर नऊ जास्त आलं. फक्त एका किलोनं वाचली. यंदा ती दहा वर्षांची होणार होती.

तपासणीला आठवडा उरला तेव्हा बाई न्हाणीघरातल्या काट्यावर सीटची कव्हरं तोलत बसल्या होत्या. नवरा कामावरून लवकर आला आणि दारातच उभा राहिला.

"हे काय चाललंय तुझं?"

बाईंना खोटं बोलवेना. सात वर्षांचं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं आणि कार्ड त्याच्या हातात दिलं. तो हसेल, नाहीतर चिडेल, असं त्यांना वाटलं.  त्यानं चपला घातल्या आणि खाली गेला. बाई मागोमाग.

त्यानं गाडीला हात लावला नाही, आधी नुसता भोवती फिरला. तीस वर्षं लिफ्ट जोखणारा माणूस, एक जरी माणूस जास्त चढलं तरी त्याला दोराच्या आवाजावरून कळे. तो उकिडवा बसला आणि मागच्या चाकांवरची फट बोटांनी मोजली. उजवीकडे चार बोटं. डावीकडे तीन.

"डावीकडे बसलीये," तो म्हणाला, आणि तिथेच फुटपाथवर बसून लहान मुलासारखा रडला. "सात वर्षं, अगं. सात वर्षं मी बसनं जातोय आणि ही इथे एकटी."

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बऱ्याच वेळानं तो सावरला आणि कामाचं बोलू लागला.

"यंदा एकतीस धर. एकोणीस काढलेत, म्हणजे बारा जास्त. गेली गाडी. सीट काढायला हवं एक."

"पुढचं काढू. माझ्या शेजारचं रिकामंच असतं."

"मग मी कुठे बसू?" तो म्हणाला. "येईन ना मी आता. मागचं काढू. चांगलं वीस किलो भरतं ते."

बाईंना इतका आनंद झाला की पुढे त्यांना काही सुचलंच नाही. त्यालाही सुचलं नाही. आईबाप दोघं, इतकी वर्षं जपलेली पोर, आणि एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही.

गॅरेजवाल्या उस्तादांनी तासाभरात बोल्ट सोडवले. सुटं सीट असंच ठेवायला बंदी होती. एक तर दुसऱ्या गाडीला शिक्का मारून बसवायचं, नाहीतर मोडीत द्यायचं. "याच बनावटीची एक गाडी आलीये, मागचं सीट जळालंय तिचं. देऊ का त्यांना?" उस्तादांनी विचारलं. द्या की, असं दोघं एकदमच म्हणाले.

तपासणीच्या दिवशी नवरा पुढच्या सीटवर बसला. वाटभर तो मान मागे वळवून बोलत होता. चिमे, मी आलो नाही गं इतके दिवस. चिमे, रागावलीस का बाबावर? आता रविवारी कुठे जायचं ते तू सांगायचं. बाई एका हातानं गाडी चालवत होत्या आणि एका हातानं डोळे पुसत होत्या. सकाळचा पावसाळी गारठा होता, आणि डावी काच लख्ख होती. तिकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही.

गाडी काट्यावर चढली. दारं लागली. दोघं रेघेमागे उभे राहिले.

"आठ कमी येईल बघ," नवरा हळूच म्हणाला.

तपासनिसानं काट्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मिशीत हसला. "वा, बाई. यंदा कमालच केलीत. एकोणचाळीस कमी."

"किती?"

"एकोणचाळीस. काटा नवीन आहे, चुकायचा नाही. घ्या शिक्का."

नवऱ्यानं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग त्याचे हात खाली पडले.

"अगं," तो म्हणाला, "ती बसणार कशावर?"

तिथून दोघं तडक गॅरेजकडे निघाले. खड्ड्यांवर गाडी रिकाम्या डब्यासारखी वाजत होती.

उस्ताद हात पुसत बाहेर आले. "बसवलं की काल संध्याकाळी. शिक्काही पडला. आता परवाना संपेपर्यंत नाही काढता येणार, ताई. नऊ वर्षं आहेत त्यांची." मग आवाज उतरवून म्हणाले, "दिवे जुळवायला आलेत आत्ता. त्या काय, कोपऱ्यात."

पांढरी गाडी होती. शेजारी एक तरुण बाई हातात वाटी आणि चमचा घेऊन उभी होती, डोळे जागरणानं लाल झालेले. मागचं दार उघडं होतं.

गणवेशवाल्या बाई जवळ गेल्या. मागच्या सीटवर तीनेक वर्षांची एक मुलगी उजव्या दाराला अगदी चिकटून बसली होती. बाकीचं सीट मोकळं होतं.

"सरक की गं मधे, ऐसपैस बस," तिची आई म्हणाली.

मुलीनं मान हलवली. नाही.

"बघा ना मावशी," ती तरुण आई म्हणाली. "काल हे सीट बसवल्यापासून उतरायलाच तयार नाही. तिथेच जेवली, तिथेच झोपली. उचलायला गेलं की रडून आकांत करते. काय करू मी?"

 नवरा मागे उभा होता. त्याला कळलं होतं की आता काहीतरी सांगायला हवं. बाईंनाही कळलं होतं. डाव्या काचेवर आतून वाफ धरली होती, चांगली उंचपर्यंत.

"बसू दे की," बाई म्हणाल्या. "लहान आहे. सोबत लागते."

थोड्या वेळानं पांढरी गाडी फाटकातून बाहेर पडली. बाईंनी हात केला. मागच्या काचेतून त्या छोटीनं आधी बाजूच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, काहीतरी ऐकून घेतल्यासारखं. मग तिनं हात हलवला.