स्वप्नीलची पाळी

कॉम्प्युटर स्लो झाला की लोक आधी व्हायरसच्या नावानं खडे फोडतात. निलेश तसला नव्हता. परळच्या रिपेअरच्या दुकानात कॉम्प्युटरचे डबे उघडून उघडून त्याचे केस पिकलेले. तो पहिलं बघायचा, मागं गुपचूप काय चालू आहे ते.

लालबागच्या चाळीत तो पोचला तेव्हा खाली डंकावर मिरची कुटत होते. खोलीभर ठसका. अनुजा दारातच उभी.

"निलेशभाऊ, आज कायपण करा. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट गेले नाहीत तर मॅडम दुसरी बाई ठेवणारेत. घरात कमावणारी मी एकटीच उरलेय."

हॉस्पिटलचे रिपोर्ट ती घरून टाइप करायची. हल्ली एक अक्षर दाबलं की ते उमटेस्तोवर चहा पिऊन होई.

निलेशनं टास्क मॅनेजर उघडला नि हसलाच. "वहिनी, दोघं बसलेत की यावर! स्वप्नीलचं लॉगिन चालूच आहे. सगळी ताकद तेच खातंय."

स्वप्नील, अनुजाचा नवरा, रात्री याच मशीनवर कामाला बसायचा. दिवसा ती. गेल्या शिमग्यात तो खुर्चीतच गेला. तेव्हापासून मशीन बंद नाही.

"आईंनी करू दिलं नाही," अनुजा म्हणाली.

सासूबाई, मालनबाई, भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. उमर कापडगिरणीत पाळ्या करण्यात गेलेली. "बदलीचो माणूस इल्याशिवाय चालू मशीन सोडूचा नाय. तेची पाळी संपूक नाय अजून."

"आजी, गिरणीवर टॉवर उभा राहिला, तुमचा भोंगा काय थांबत नाय!"

म्हातारी हसली नाही.

निलेशनं ते काम बंद केलं. मशीनवरच्या ताणाचा आकडा उतरला. परत चढला. नेटची वायर उपटली. तरी चढला. बाहेरचं कोणी नव्हतं तर.

अनुजानं पासवर्ड सांगितला. स्वप्नीलचं खातं उघडलं. कोरं पान. त्यावर काळी रेघ लुकलुकत पुढं सरकत होती. अक्षर एक नाही. ओळ संपली की खाली, परत सुरू.

निलेशनं कीबोर्ड काढून मांडीवर घेतला.

रेघ सरकतच राहिली.

घाम पुसत त्यानं साइन आउट दाबलं. स्क्रीनवर पाटी आली. काम चालू आहे, तरी बंद करायचं?

"वहिनी?"

"थांबा." अनुजा सासूकडे वळली. "आई, गिरणीत पाळी संपलेल्याला कसं उठवायचे हो?"

"खांद्यार हात ठेवूचो. सांगूचा, मी इलंय, तू जा."

अनुजा रिकाम्या खुर्चीमागं गेली. हात पुढं केला. तो हवेतच एका जागी टेकला.

"उठा," ती म्हणाली. "मी आले."

रेघ थांबली.

खुर्ची जराशी मागं सरकली. अनुजा बसली. आकडा उतरला तो उतरलाच. आतला पंखा गप्प झाला.

दिवेलागणीला शेवटचा रिपोर्ट गेला. मॅडमचा मेसेज आला, उद्यापासून नेहमीसारखं. अनुजानं ओढणीनं डोळे टिपले.

बॅग भरता भरता निलेश मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "वाचली नोकरी! चला, आता चहा टाका."

"हळू रे झिला." मालनबाई उठल्या. कोपऱ्यातल्या रिकाम्या कॉटवर त्यांनी चादर पांघरली. "पाळीवरसून इलो तो. निजांदे."

चादर सपाट पडली नाही.