रिकाम्या हातानं

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या स्वतःच्या हाताला जे लागलं, ते सांगते आहे.

भुताची गोष्ट म्हटली की लोक रात्र धरतात. माझी भर दुपारची आहे. शुक्रवार, १२ मे १९९५. वेळ अडीचची. सांगलीहून तासगावला जाताना, बेदाण्याच्या शेडच्या मागे एक प्रयोगशाळा होती. औषधं आधी जनावरांवर वापरून बघायची जागा. लोक तिला नुसतं ‘लॅब’ म्हणत.

मी तेव्हा शाळेतून नुकती निवृत्त झाले होते. लॅबविरुद्ध आम्ही सहा-सात जण दर रविवारी फाटकासमोर पाट्या घेऊन बसायचो. आमचे पुढारी विष्णुपंत, निवृत्त पोस्टमास्तर. अर्ज लिहावेत तर त्यांनीच.

एसटीतले लोक आम्हाला बघून हसायचे.

“पद्माताई, हसू द्या,” विष्णुपंत म्हणायचे. “निदान खिडकीतून डोकं तरी बाहेर काढतात.”

कसे दिवस होते ते! आपण बसलो की काहीतरी बदलतं, असं खरंच वाटायचं.

एका रविवारी एक म्हातारी येऊन माझ्या शेजारी बसली. हिरवं लुगडं, हातात काठी. अंबूबाई. आटपाडीकडची मेंढपाळ. जवळच्या शेतात खतासाठी त्यांच्या मेंढ्या बसवल्या होत्या.

“बाई, माजं कुत्रं आत हाय. चांद्या. गाडीवाल्यांनी फास टाकून नेलं.”

“कशावरून आत आहे?”

“गाडी ह्याच फाटकात शिरली. मी पळत आले की मागनं.”

फाटकावरचा पहारेकरी आकाराम हसला. “म्हातारे, आवाज येतोय का कुत्र्याचा? ऐक की.”

आम्ही सगळ्यांनी कान दिला.

काहीच नाही…

एवढ्या मोठ्या आवारात एकसुद्धा कुत्रं भुंकत नव्हतं.

खरं सांगते, मलाही वाटलं, म्हातारीचा काहीतरी घोळ होतोय.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर आकाराम माझ्याजवळ आला. हसू गेलेलं.

“बाई, माजं नाव घेऊ नका. कुत्री हायती. लय हायती. आणली की पहिल्या दिवशीच घशात कापत्यात. भुंकायचंच बंद करत्यात. सायबांना तरास हुतो म्हणं.”

मी अंबूबाईला घशाचं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “तुमचा चांद्या मी आणून देते.”

का म्हणाले, कोण जाणे. पण म्हणाले.

“मिरगाच्या आत आणा,” ती म्हणाली. “पाऊस लागला की आमी वर गावाकडं जाणार.”

विष्णुपंतांनी अर्जांचा मारा केला. शेवटी तपासणीचा हुकूम निघाला. तारीख मात्र लॅबला आठ दिवस आधीच कळवली होती.

त्या शुक्रवारी अंबूबाई फाटकापर्यंत आली. तिला आत सोडणार नव्हते. तिनं माझ्या हातात फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी दिली.

“आत गेल्यावर ‘यू यू’ म्हणा. यील. पर हातात तुकडा धरूनच बोलवा. आमी रिकाम्या हातानं कुत्र्याला कदी बोलवत न्हाई.”

“का?”

“तुकडा मिळूस्तोवर ते जात न्हाई, बाई.”

फाटकात नव्या पहारेकऱ्यानं ते फडकं काढून घेतलं. बाहेरचं अन्न आत न्यायचं नाही, असा नियम. आकाराम कुठंच दिसला नाही…

आत एक लांब शेड होती. तपासणीचे साहेब पुढे, विष्णुपंत आणि मी मागे.

शेड रिकामी होती.

फिनाईलनं धुतलेली फरशी. अजून ओली. भिंतीला ओळीनं लोखंडी कड्या. एका कोपऱ्यात सशांचे दोन पिंजरे.

“कुठायत तुमची कुत्री?” साहेबांनी विचारलं.

विष्णुपंत एकेक कडी बघत भिंतीच्या कडेनं गेले. वर्षभराचे अर्ज त्यांच्या काखेत होते.

शेडच्या दारातून मला फाटकाबाहेरची अंबूबाई दिसत होती. पायांच्या टाचा उचलून बघत होती.

माझं डोकं फिरलं. मी रिकामा हात पुढं केला आणि हाक मारली.

“यू… यू… चांद्या… यू…”

शांतता.

लाईट गेलेली. पंखे बंद. माशीसुद्धा नाही.

मग…

थप्प.

ओल्या फरशीवर काहीतरी आपटलं.

थप्प… थप्प…

शेपूट. मालकाची हाक ऐकून बसल्याजागी कुत्रं शेपूट आपटतं ना, तस्सं.

मग दुसरीकडून. मग तिसरीकडून. मग सगळ्या भिंतीच्या कडेनं. थप्प थप्प थप्प… कड्या हलू लागल्या. साखळ्या नव्हत्याच. नुसत्या कड्या.

भुंकणं नाही. फक्त धाप. कितीतरी घशांची, हवा गळाल्यासारखी धाप.

आणि माझ्या तळहाताला ओलं, गार नाक लागलं…

हुंगलं. तुकडा शोधला. बाजूला झालं.

मग दुसरं नाक. मग तिसरं.

मला हात मिटता येईना.

साहेबांनी एकदम स्वतःचा हात मागं ओढला. बोटं रुमालानं पुसली. खूप वेळ पुसत राहिले.

“उंदीर असतील,” ते म्हणाले.

अहवालात त्यांनी लिहिलं, आवारात कुत्री आढळली नाहीत.

बाहेर आल्यावर अंबूबाईनं माझा हात धरला. तळहात नाकाशी नेला. डोळे मिटले.

“चांद्या,” ती म्हणाली.

मग हळूच विचारलं, “तुकडा दिलासा?”

“नेऊ दिला नाही हो आत.”

“तरी बोलवलंसा?”

मी मान खाली घातली. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“आता तुमच्याकडंच ऱ्हातील ती,” ती म्हणाली आणि वळली. मृगाची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मेंढ्या हलल्या. पुन्हा ती मला दिसली नाही.

विष्णुपंत त्यानंतर एकदाच फाटकावर आले. “पद्माताई, मला ऐकू येत नाही हल्ली,” म्हणाले. त्यांचे कान शेवटपर्यंत चांगले होते. दोन वर्षांनी गेले. बाकीचे आपापल्या घरी पांगले. कुत्री धरायची गाडी मात्र चालूच राहिली, आजही फिरते.

आता मी एकटीच असते. सांगलीत, दोन खोल्यांत. रोज दुपारी अडीचला जेवणाच्या टेबलाखाली सुरू होतं…

थप्प. थप्प.

मी भाकरी मोडून तळहातावर धरते. नाकं येतात, हुंगतात. तुकडा तसाच राहतो. संध्याकाळी अंगणात टाकते, तर मुंग्याही धरत नाहीत. ज्या दिवशी द्यायचा होता, त्या दिवशीचा तो नाही, म्हणून असेल.

लॅब चालू होती तेव्हा आवाज थोडा थोडा वाढायचा. कुणी सांगायची गरज नव्हती. नवी आली की मला कळायचं.

पुढं लॅब बंद पडली. फाटकाला कुलूप लागलं, शेडचे पत्रे लोकांनी नेले. मी स्वतः जाऊन बघून आले.

मग आवाज अजून का वाढतो आहे?

काल नाकं इतकी आली की चार वाजून गेले, तरी मला हात मिटता आला नाही…